चिठ्ठी कोनाड्यात, लेकरू मागच्या बाकावर

जुलै महिन्यात सोयाबीनची पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी पान खिशात घालून पंचायत समितीत नाहीतर औषधाच्या दुकानात हजर असतो. चुनखडीच्या जमिनीत हे दर साल होते. मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. साचलेल्या पाण्याचा निचरा करून दिला, फेरस सल्फेटची किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी झाली, की काही दिवसांत शेंडा हिरवा होऊ लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे आता शिकवावे लागत नाही.

त्याच शेतकऱ्याच्या घरात सातवीतली मुलगी असते. तिचा चेहरा पांढुरका दिसतो, पाण्याची घागर घेऊन दहा पावले चालली की धाप लागते, पाटीवरची पेन्सिल आणि भिंतीची माती चोरून खाते, दुपारनंतर वर्गात डोळे मिटतात. तिलाही लोहच कमी पडलेले असते. पण तिला घेऊन कोणी सकाळी उठून कुठे जात नाही. घरी म्हणतात, आळशी आहे. शाळेत म्हणतात, लक्ष नाही. परीक्षेत मार्क कमी पडले की सगळे मिळून म्हणतात, डोकंच नाही तिला, शिकवून काय करायचं? ती दोन महिने घरी बसली की पाहुणे स्थळ घेऊन येतात, आणि शाळा संपते.

शेतीखात्याच्या माणसाने शाळेतल्या लेकरांवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. पंचनामा असो, पीक पाहणी असो, ठिबकच्या अनुदानाची फाईल असो, आमचे जाणे थेट ओसरीवर असते. शाळेच्या वेळेत घरी बसलेले लेकरू आमच्या नजरेला पडते. का रे, शाळा नाही का आज, असे विचारले की आतून आई सांगते, "डोकं दुखायलंय म्हणतो साहेब. रोजचंच हाय त्याचं." रोजचेच आहे, म्हणून तर बघायला पाहिजे. कापसावर रोज पांढरी माशी दिसली असती तर कोणी रोजचेच म्हणून सोडून दिले असते का?

आता सरकारी सोय नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच आपल्या राज्यात, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात येते. पथकात एक पुरुष आणि एक महिला डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा पथकाने यायचे, अशी रचना आहे. जन्मतः असलेले व्यंग, लोह-जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणीचे आजार आणि वाढीत पडलेला उशीर, असे चार भाग करून डोक्यापासून पायापर्यंत मूल बघतात. हृदयाला छिद्र निघाले तर शस्त्रक्रियेची सोय सरकारी खर्चाने होते. शाळकरी मुलांना चष्माही अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतो. २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी देण्याचा दिवस पाळला जातो. लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, तीही शाळेतच.

२०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. आकांक्षित हा गोड शब्द झाला, अर्थ मागासलेले असाच. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. त्यात आरोग्य आणि शिक्षण हीच दोन मोठी खाती मोजली जातात. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. म्हणजे कागदावर काही कमी नाही.

तरी २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरातल्या ५७ जणींचे रक्त कमी निघाले. देशाचा आकडा ५९ आहे, त्यामुळे आपण फार पुढे आहोत असे समजायचे कारण नाही. दहावीच्या वर्गात एका बाकावर दोघी बसल्या असतील तर त्यातली एक.

मग अडते कुठे? माझ्या पाहण्यात जे आले आहे त्यावरून सांगतो, अडते ते चिठ्ठीपाशी.

पथक शाळेत येते. एका दिवसात पोरे रांगेने तपासली जातात. ज्याच्यात काही निघाले त्याच्या हाती संदर्भ चिठ्ठी दिली जाते, हिला आपल्याकडे रेफरची चिठ्ठी म्हणतात. चिठ्ठी दप्तरात जाते, दप्तरातून घरी जाते आणि घरी गेली की कोनाड्यात. परांडा तालुक्यातल्या एका घरी विम्याची पावती शोधताना भावाने देव्हाऱ्यातल्या फोटोमागून कागदांचा गठ्ठा काढला. बियाण्याची बिले, खताच्या पावत्या, सोसायटीची नोटीस, आणि त्यातच मुलाच्या नावाची चिठ्ठी. नजर कमी, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवावे. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. मुलगा उंच म्हणून वर्गात शेवटच्या बाकावर बसतो आणि फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितो. गुरुजी त्याला नक्कल करतो म्हणून मारत होते. बाप काही बेफिकीर माणूस नव्हता. "न्हेणार हुतो साहेब. आधी पेरणी आली, मग फवारण्या, मग काढणी. एक दिवस मोडला की गेलाच की."

त्या एका दिवसाचा हिशोब मांडून बघा. सकाळी पहिल्या एसटीने निघायचे. परांडा-भूमच्या माणसाला बार्शी जवळ, उमरगा-लोहाऱ्याच्या माणसाला लातूर किंवा सोलापूर सोयीचे, पण चिठ्ठीवर नाव असते जिल्ह्यातल्या रुग्णालयाचे. दुपारपर्यंत केसपेपर आणि रांग. मग कळते की डोळ्याचे डॉक्टर आज शिबिराला गेलेत, मंगळवारी या. मंगळवारी पुन्हा तेच. दोन खेपांत मोठ्या माणसाचे दोन रोज बुडाले, आई बरोबर असेल तर चार. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढा हातभार. चहा-पाणी, लेकराने हट्ट केला तर वडापाव. चष्मा फुकट आहे, पण चष्म्यापर्यंतचा रस्ता फुकट नाही. कोरडवाहू चार एकरवाला हा रस्ता सुगीत चालत नाही, आणि सुगी संपते तोवर परीक्षा आलेली असते.

यात आणखी एक गोष्ट आहे. मूल पोटात असते तेव्हापासून आशाताई घरी येतात. जन्मल्यावर वजन, लस, मग सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी. एखादी खेप चुकली तर अंगणवाडीताई दारात उभ्या राहतात. मूल पहिलीत गेले की हे सगळे सुटते. नंतर मुलगी बाळंतपणाला माहेरी येते तेव्हाच आरोग्य खाते तिला पुन्हा ओळखते. मधली दहा-बारा वर्षे लेकराचा पाठपुरावा करणारे असे नेमून दिलेले माणूस गावात नाही. पथक वर्षातून एक दिवस येते, शाळा म्हणते आम्ही चिठ्ठी दिली, दवाखाना म्हणतो कोणी आले नाही. दोघांचेही रेकॉर्ड बरोबर असते.

गावातल्याच माणसाने पाठपुरावा केला तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याने राज्याच्या आधी पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा, उमरग्याची गावे जमीनदोस्त झाली, त्या काळापासून तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम या भागात उभे राहिले. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने या डॉक्टर जोडप्याने कमी शिकलेल्या, गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांना नाव दिले भारतवैद्य. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून आशा कार्यकर्त्या आल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. भारतवैद्य बाईचे बळ औषधाच्या पेटीत फारसे नव्हते. कोणत्या घरी कोण आजारी आहे आणि तो दवाखान्यात गेला की नाही, हे तिला ठाऊक असायचे, आणि गेला नसेल तर ती त्याच्या घरी जाऊन बसायची.

शाळेच्या लेकरांसाठी नेमके एवढेच माणूस पाहिजे. त्यासाठी नवीन पद मागायची गरज नाही, ते मिळणारही नाही. शाळा व्यवस्थापन समिती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. तिच्या बैठका खिचडीचा तांदूळ आणि वर्गखोलीची गळती यावर होतात, किंवा सह्या घरपोच घेतल्या जातात. त्यातल्या एका आईने आणि एका शिक्षकाने मिळून एक वही ठेवावी. कोणत्या मुलाला चिठ्ठी मिळाली, कशासाठी, कोणत्या तारखेला, नेले कधी, डॉक्टर काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावले. एवढे सहा रकाने. महिन्याच्या बैठकीत ज्या नावापुढे रकाना मोकळा आहे त्या घरी जायचे. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राहावी आणि ग्रामसभेत फक्त आकडा सांगावा. नावे वाचायची नाहीत. कोणाच्या मुलीला काय झाले हे पारावर चर्चेला आले तर पुढच्या वर्षी एकही आई खरे सांगणार नाही, आणि तिचे बरोबरच राहील.

आणि गाडी. पंधरा मुलांच्या पंधरा चिठ्ठ्या असतील तर पंधरा बापांचे रोज बुडवण्यापेक्षा ग्रामपंचायतीने एक जीप करावी, दोन पालक आणि एक शिक्षक बरोबर द्यावेत, आणि डोळ्याचे-कानाचे डॉक्टर त्या दिवशी जागेवर आहेत का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आधी विचारून घ्यावे. आई-बापाची संमती लेखी घ्यावी. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणतील तरतूद कुठली? तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर आणि पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा अबंधित निधी असतो. दरवर्षी मार्च उजाडला की हा पैसा खुर्च्या, सतरंज्या आणि भांड्यांत जातो. सतरंजीला विरोध नाही, पण एका जीपच्या भाड्याला हरकत घ्यायची आणि सतरंज्यांचे तीन कोटेशन लगेच जोडायचे, हा कुठला न्याय?

जिथे पैसा लागत नाही अशाही गोष्टी आहेत, त्या शाळेने करायच्या. गुरुजनांवर कामे किती आहेत हे मी जाणतो. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत आम्ही आणि ते एकाच टेबलावर बसतो. पण मुलाला पुढच्या बाकावर बसवायला आदेश लागत नाही. पुस्तक नाकाला लावून वाचणारा, फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणारा आणि हाक मारल्यावर दुसऱ्यांकडे बघून उभा राहणारा, या तिघांना आधी दिसते का आणि ऐकू येते का, हे तपासावे. मग अक्कल काढावी. कानातून पाणी येणाऱ्या मुलाच्या कानात घरोघर लसूण घालून कढवलेले तेल ओततात. ते ताबडतोब थांबवून कानाच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे वाहणारा कान पुढे ऐकणेच घालवतो.

फिट येणाऱ्या लेकरांची तर फार परवड होते. वर्गात एकदा फिट आली की दुसऱ्या दिवसापासून घरी बसवतात. शाळा जबाबदारी नको म्हणते आणि घरचे लाजतात. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, दातात चमचा घालणे, हे प्रकार अजून सर्रास चालतात. यातले काहीही करू नये. मुलाला मोकळ्या जागी कुशीवर वळवावे, गळ्याशी कपडा सैल करावा, तोंडात काही घालू नये, पाणी पाजू नये आणि घड्याळ बघावे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर १०८ ला फोन लावावा. फिटचे औषध सरकारी दवाखान्यात मिळते. ते एक दिवसही न चुकवता घेतले तर बहुतेक मुले इतरांसारखी शिकतात. विहिरीत पोहायला आणि चुलीजवळ एकटे सोडायचे नाही, एवढे घरच्यांनी सांभाळावे. बाकी त्या मुलाला शाळेतून काढायचे काही कारण नाही. काढताही येत नाही. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून बाहेर काढायला कायद्याने मनाई आहे.

लहानपणीच साखरेचा आजार झालेली मुले आता खेड्यातही निघू लागली आहेत. हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार होणेच बंद पडते, आणि रोज इंजेक्शन घ्यावे लागते. अशा मुलाची साखर एकदम उतरली तर हात थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यापुढे अंधारी येते. त्या वेळी दोन चमचे साखर किंवा गूळ तोंडात गेला पाहिजे, मग तास चालू असो की परीक्षा. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेला खाऊ बरोबर नेण्याची परवानगी दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिले की वर्गातही त्यांना खाऊ द्यावे, साखर तपासू द्यावी, इंजेक्शन घेऊ द्यावे. आपल्या झेडपीच्या शाळेत गुरुजींच्या टेबलाच्या खणात साखरेची पुडी ठेवायला दिल्लीच्या पत्राची वाट बघायची काय गरज? ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात सावलीला ठेवावी. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या घरात उघड्यावर ती टिकत नाही.

आजारपणाने महिना-दोन महिने शाळा बुडाली तर शेजारच्या मुलाकरवी वह्या पोचवाव्यात आणि आठवड्यातून एकदा गुरुजींनी येता-जाता डोकावावे. मोठ्या आजारापेक्षा, आपण मागे पडलो, आता वर्गात हसतील, या भीतीनेच पोरे परत येत नाहीत. दहावीच्या मुलांच्या बाबतीत तर कागदपत्र वेळेत पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आता २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. कमी दृष्टी, कमी ऐकू येणे, लिहिण्या-वाचण्यातली अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळे त्यात येते. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत लातूरच्या विभागीय मंडळाकडे जातो. तो जानेवारीत धावपळ करून होत नाही. पावसाळ्यातच प्रमाणपत्राच्या मागे लागावे.

आता माझ्या खात्यातला विषय. वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शिवारातून खरिपाची ज्वारी, बाजरी, मूग-मटकी मागे सरली आणि सोयाबीन आले. पैसा आला हे नाकारत नाही. पण शिवारातून गेलेले पीक हळूहळू ताटातूनही गेले. आई पहाटे खुरपायला जाते आणि लेकरू चहा-खारीवर शाळेत येते. दुपारी खिचडी मिळेपर्यंत पोटात दुसरे काही नसते. त्यात जेवणावर चहा प्यायची सवय. जेवणातले लोह चहा रक्तात मिसळू देत नाही, अगदी चुनखडी सोयाबीनला करते तसेच. चहा जेवणानंतर तासभराने घ्यावा, आणि पोरांना न दिला तर आणखी चांगले. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा घेतला की तेच लोह जास्त अंगी लागते. बांधावरची चिवळ, पाथरी, तांदुळजा, हरभऱ्याचा कोवळा पाला, परसातला शेवगा, हे विकत आणायचे नाही. तणनाशकाने मात्र यातले निम्मे बांधावरून घालवले, हेही जाता जाता नोंदवतो.

परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या जोडीने २०१८ मध्ये परभणी शक्ती नावाचा ज्वारीचा वाण दिला आहे. त्यात एका किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत लोह तिसेक आणि जस्त विसेक असते. बाजरीत राहुरीच्या विद्यापीठाची धनशक्ती आहे. परभणी शक्ती खरिपाची आहे आणि खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते, ही अडचण खरी आहे. मालदांडीची भाकरी खाणाऱ्याला तिची चव लगेच रुचणार नाही, हेही खरे. पण विकायला नव्हे, घरच्या लेकरांना खायला पाच-दहा गुंठे टाकून बघायला काय हरकत आहे? सोयाबीनच्या एका वाणाने पडझड केली तर पुढच्या वर्षी तीन वाण लावून बघणारे आपण लोक आहोत.

निळी गोळी मात्र खाण्याने भागत नाही म्हणून आहे, ती घेतलीच पाहिजे. मुली ती खिडकीतून टाकतात, कारण मळमळते. उपाशीपोटी दिली तर मळमळणारच. खिचडीच्या जेवणानंतर, गुरुजी-बाईंच्या समोर, पाण्याबरोबर दिली तर तक्रार कमी होते. शौचाला काळे होते, त्याला घाबरायचे नाही. खिचडीबरोबर अंड्याचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेत आठवड्याला एक अंडे किंवा केळी द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा पैसा बंद झाला आणि द्यायचे तर लोकसहभागातून द्या असे सांगण्यात आले. अंडे सात रुपयांना धरले तर शंभर मुलांना आठवड्याला सातशे रुपये लागतात. आपल्या चौकात वाढदिवसाचा एक डिजिटल फलक याहून स्वस्तात लागत नसेल.

सर्वात अवघड बाब ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. भूम, वाशी, कळंबच्या बालाघाटाच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या दरम्यान कोयते निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या काळात शाळेत पथक येऊन जाते, १० फेब्रुवारीची गोळी होऊन जाते, निळ्या गोळ्यांचे वीस-बावीस आठवडे जातात. ज्या लेकरांना त्याची सर्वात जास्त गरज, तीच फडावर असतात. हंगामी वसतिगृहाची सोय शाळेने मागून घेतली आणि आजी-आजोबांजवळ मूल ठेवायला आई-बाप तयार झाले तर चांगलेच. सगळे तयार होत नाहीत, विशेषतः मुलीच्या बाबतीत, आणि त्यांची काळजी खोटी नाही. अशा गावांनी निदान एक करावे. पथकाचा वर्षाचा आराखडा तालुक्याला आधी ठरतो. सरपंच आणि मुख्याध्यापक या दोघांच्या सहीचे पत्र ऑगस्टमध्येच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावे, की आमच्या गावची तपासणी कोयता निघायच्या आधी लावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तसा ठराव घेतला तर पत्राला वजन येते. चिठ्ठी निघालेल्या मुलांची जीप त्याच महिन्यात, मुकादमाची उचल वाटली जायच्या आत निघाली पाहिजे. आणि जी मुले जाणारच आहेत त्यांच्या आईजवळ गोळ्यांची पाकिटे मोजून द्यावीत, कोणत्या वारी जेवणानंतर द्यायची ते पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून.